पाचवा वाटा

धुळ्यात मटणाचा भाव ऐकूनच पोट भरावं असे दिवस आले, तेव्हापासून कापडण्यातल्या पाच घरांनी दुकानाची पायरी सोडली होती. पाच जण मिळून बाजारातून बोकड आणायचे, योगराजच्या खळ्यात कापायचे आणि पळसाच्या पानांवर पाच सारखे वाटे घालायचे. कुरकुर नको म्हणून एक जण पाठमोरा उभा राहायचा. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा आणि पाठमोरा नाव घ्यायचा. ज्याचं नाव निघेल त्याचा तो वाटा, मग नळी येवो नाहीतर नुसती चरबी.

ही पद्धत लोटन नानांनी घालून दिलेली. नाना एकटे, सत्तरी उलटलेले, पण वाट्याच्या दिवशी सगळ्यांआधी हजर.

या खेपेला बोकड महाग मिळाला आणि वर हडकुळा. त्याच्या बरगड्या चाचपताना योगराजच्या डोक्यात भलतंच शिरलं.

"आज चारच वाटा पाडूत," तो पाचांतल्याच जीवरामला म्हणाला. "नानाले एकटाले कितलं लागस? रस्सा धाडी देऊत."

जीवराम जरा घुटमळला. पण वाट्याला चार फोडी जास्त आलेल्या कुणाला नको असतात? नानांना कुणीच कळवलं नाही, त्यांच्याकडून पैसेही मागितले नाहीत.

पानं मांडून झाली. योगराज पाठमोरा उभा राहिला. जीवरामने पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं.

"हाऊ कोना?"

"लोटन नानाना!" योगराज खणखणीत आवाजात म्हणाला.

वर्षानुवर्षं पहिलं नाव नानांचंच घ्यायची सवय. मेल्या जिभेला कोण सांगणार की नाना आज यादीत नाहीत! मागे कुणीतरी फिसकन हसलं. योगराजही हसायला गेला, तोच कुडापलीकडच्या गल्लीतून जाणारे नाना आपलं नाव ऐकून आत आले. चेहरा नुसता फुललेला.

"वनू रे योग्या, वनू! माले वाटनं, पोरे माले इसरी ग्यात."

मग त्यांची नजर खाली गेली. पानं चार, माणसं चार आणि पाचवे ते. योगराजने घाईघाईने पहिला वाटा पुढे सरकवला, सगळ्यांतलं थोडं थोडं काढतो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "पाडेल वाटा कोनी मोडतस नही."

आणि आल्या वाटेने निघून गेले.

ताईबाईने, योगराजच्या बायकोने, काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा केला. योगराज ताटावर बसला. चार जास्तीच्या फोडींसाठी आपण माणूस तोडला, याची त्याला मनापासून लाज वाटत होती. अखेर तो भरलं ताट सारून उठला आणि अख्खं पातेलं घेऊन नानांच्या दारी गेला.

नाना ओट्यावर बसले होते. चिडले की ते आईबापाचा उद्धार करत. योगराजला आज तेच हवं होतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, पाय धरले असते, मोकळा झाला असता.

नाना उठले. गोधडी झटकून त्यांनी नीट अंथरली.

"या, योगराजभाऊ," ते म्हणाले. "बठा. तुमले पानी लऊ का?"