पेटीतला दुसरा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताचा नव्हे, नावेच्या इंजिनाचा. वारा मागू नका, मी पाणी ढकलतो.

शेलूबाजारच्या बाजूला एका तलावावर मच्छीमार सोसायटी होती. तिथल्या पेटीत आम्ही दोघं आलो. माझ्या जोडीदाराच्या पात्यांना पीळ जास्त, अंग पितळेचं. रिकामी नाव तो उडवत नेई. माझा पीळ कमी. मी एका फेऱ्यात थोडंच सरकवतो, पण ओझं ओढतो. नावाडी इंद्रभानने अर्थातच चकाकणारा निवडला. माणसं जावईही तसाच निवडतात. मात्र दर बाजारच्या दिवशी तो आसाला आणि आम्हा दोघांना ग्रीस लावी. लोक हसत, "बसल्या पंख्याले कायले मालिश?"

शहात्तरच्या श्रावणात रस्ता पाण्याखाली गेला. गावातल्या पंचफुलाचं बाळंतपण अडलं, आणि दवाखान्याची जीप पलीकडच्या काठावर. नावेत बाजेसकट पंचफुला, सासू केशरबाई आणि धीर द्यायला सहा माणसं चढली. धीरालाही वजन असतं, मित्रांनो.

मधोमध इंजिन कण्हू लागलं, धूर ओकू लागलं. नाव पुढे जाईना. पाण्याची ओढ तिला सांडव्याकडे, जादा पाणी खाली कोसळतं तिकडे, नेऊ लागली. त्याचा घोंघाट नावेतल्या माझ्या पेटीतही ऐकू येत होता.

केशरबाईने उभा जन्म बैलबंडी हाकलेली. ती म्हणाली, "इंद्रभान, शंकरपटात पळाचा बैल वझ्याच्या बंडीले जुपला तू. पेटीतला दुसरा लाव."

"इंजन बंद केलं तं सांडव्यावर जाऊ, आत्या."

"चालू ठिवूनई तिकडंच जाऊन राह्यलो."

इंद्रभानने इंजिन बंद केलं. धीर देणाऱ्यांच्या हाती वल्ही आली. ज्यांना वल्ही नव्हती, ते तळहातांनी पाणी मारू लागले. पंचफुलाने बाजेची दोरी दातांत धरली. इंजिन वर उचललं, पंखा धरून ठेवणारी पिन निघाली. आता आस गंजून पितळ्या अडला असता तर? ग्रीसमुळे तो एका हिसड्यात सुटला. मी आसावर बसलो, पिन लागली. सांडवा चार बैलजोड्यांच्या अंतरावर होता.

इंजिन चालू करायची दोरी ओढली. इंजिनाचा आवाज मोकळा झाला. नाव आधी थांबली, मग इंच-इंच काठाकडे सरकली.

जीप वेळेत दवाखान्यात पोचली. मुलगी झाली.

आता सोसायटीच्या खोलीत मी दार अडवायला असतो. तक्रार नाही. मित्रांनो, आधी ओझं बघा, मग पंखा निवडा. निवड चुकली तरी बदलता येते. मात्र ज्याची पाळी आलेली नाही, त्यालाही बोटभर ग्रीस लावत जा.