वांग्याच्या मुळातली गाठ

मी एक जुनी सूत्रकृमी आहे. नाकं मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या पोटात जंत होतात ना, तशीच मी वांग्याच्या मुळात झालेली. मी स्वतः तुम्हाला दिसणार नाही इतकी बारीक, पण माझं घर दिसेल. मुळावर मण्याएवढी गाठ येते, तिच्यात मी राहते. मला डोळे नाहीत, कानही नाहीत. मग ही सगळी हकीकत हिला कळली कशी, असं कोणी हुशार विचारेलच. अरे बाबांनो, गंगुबाईचा आवाज असा आहे, की मातीलासुद्धा ऐकू येतो.

गंगुबाई ही बाळकुमची म्हातारी. चारी बाजूंनी टॉवर उठले, तरी घरामागचा चार वाफ्यांचा तुकडा तिनं सोडला नव्हता. तिचा मुलगा काळुराम याला तिथे पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायच्या होत्या. गणपती गेल्यावर दोघांचं जोरात वाजलं. शेवटी तो म्हणाला, "हे बघ आई, चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला आपल्या वाडीतल्या वांग्यांचं भरीत झालं ना, तर मी परत तोंड नाय उघडणार. नाय झालं, तर गाड्या लागतील इथं. बोल."

"कबूल," गंगुबाई म्हणाली. "खंडोबाच्या वांग्याला या घरात कधी खाडा नाय पडला."

दुसऱ्याच दिवशी तिनं नर्सरीतून वांग्याची रोपं आणली. त्यातल्या एका काळ्या पिशवीच्या मातीत माझ्या आईनं आम्हाला चिकट गोळ्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. गंगुबाईनं पिशवी फाडली, रोप लावलं आणि वरून तांब्याभर पाणी घातलं. त्या पाण्यानं मी जन्मले. आभारी आहे.

आता एक शिकण्यासारखी गोष्ट सांगते. मूळ नुसतं पाणी पीत बसत नाही, ते घामही गाळतं. त्या घामात साखर असते, आंबट द्रव्यं असतात, नाना तऱ्हेचे वास असतात. वांग्याचा घाम म्हणजे आम्हाला जेवणाची हाक. बिचारं वांगं मुद्दाम हाक मारत नाही. पण वाढायचं तर घाम गाळावा लागतो, आणि गाळला की आम्ही येतो. मला याचं फार हसू येतं.

पण माझं बालपण सुखाचं गेलं नाही. गंगुबाईच्या वाफ्यात वांग्यांच्या मधून झेंडूची दाट रांग होती. घाम झेंडूच्या मुळांनाही येतो. माझ्या बहिणी त्या वासामागे धावल्या आणि मुळात शिरल्या. आत जहर होतं. ते अंगात भिनलं, आणि त्या एकेक करून हलायच्या थांबल्या. अंडी घालायचा दिवस एकीलाही दिसला नाही. मी वाचले ती आळशी म्हणून, मागे रेंगाळले होते. वाईट वाटलं का? छे! खाणारी तोंडं कमी झाली. पण पाण्यानं मला झेंडूच्या रांगेत वाहून आणलं होतं, तिच्या पलीकडची वांगी मला मिळेनात, आणि अंगातली चरबी संपत चालली होती. आणखी थोडे दिवस तसेच गेले असते, तर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते.

मला वाचवलं ते काळुरामनं. दसऱ्याला फुलं तोडून झाली, तोरणं लागली, आणि संध्याकाळी तो मोबाईल घेऊन वाफ्यापाशी आला.

"आई, झेंडू सगळं खत ओढतो, माहितीये? आत्ताच व्हिडिओ बघितला. तुझी वांगी म्हणून बारकी राहिलीत."

"माझ्या सासूनी सांगलेलं, वांग्यात झेंडू पायजे म्हंजे पायजे."

"अगं पण कशाला पायजे?"

सासूनं कारण सांगितलं नव्हतं आणि गंगुबाईनंही विचारलं नव्हतं. "मना काय ठावं," ती म्हणाली, "पयल्यापासून लावतोय आपण." काळुरामनं कपटानं सांगितलं होतं असं समजू नका. आईची वांगी खुरटलेली बघून त्याला खरोखर वाटलं, की सांगावं. पण गंगुबाईच्या डोक्यात किडा सोडला तो सोडलाच. सकाळी पदर खोचून तिनं सगळा झेंडू मुळासकट उपटला, माती झटकली आणि कचऱ्यात टाकला. वांग्यांना म्हणाली, "खा गं बायांनो आता पोटभर."

खाल्लं की! मुळाच्या कोवळ्या टोकाजवळ मी आत शिरले. माझ्या तोंडात सुई असते, ती पेशीत खुपसली आणि थुंकले. थुंकीनं पेशी सुजते, एकीची दहाएवढी होते, आणि झाडानं स्वतःसाठी आणलेलं सगळं तिच्यात येऊन पडतं. मग मी जागची हलले नाही. फुगून नासपतीसारखी गोल झाले आणि शेकड्यांनी अंडी घातली. माझ्या लेकी शेजारच्या मुळात, त्यांच्या लेकी त्याच्या शेजारच्या मुळात. काय ते दिवस होते!

वर वांगी दुपारी माना टाकायची. गंगुबाईला वाटे, तहान लागली. ती पाणी घाली, आणि त्या पाण्यातून माझी पोरं पुढच्या वाफ्यात जात. तिला वाटे, कीड पडली. ती पानांवर कडुनिंबाचं पाणी मारी. मुळाकडे कोणी बघेना. मग ती झाडापाशी बसून बोलायला लागली. "उठ गो माझे बाय. एका भरताला पुरतील एवढी तरी दे. माझी वाडी जाईल गो." रडतही असावी, कारण आवाज फाटत होता. मी चोखत होते.

चंपाषष्ठीच्या सकाळी झाडांना लिंबाएवढी दोन वांगी होती, तीही वाकडी. गंगुबाईनं झाड धरलं आणि रागानं उपटलं, तेव्हा कुठे तिला माझं घर दिसलं. सबंध मूळभर गाठीच गाठी.

"काळू! अरे बघ, मुळाला गाठी रं! रोग होता याला. झेंडू होता तवर काय नव्हतं रं. माझा हात वाईट नाय."

काळुरामनं मुळं हातात घेतली, उलटीसुलटी केली. "असेल आई," तो हळूच म्हणाला. "पण आपलं ठरलेलं ना?"

तो ओरडला असता तर ती भांडली असती. ती नुसती आत गेली. खंडोबाला बाजारातल्या वांग्यांचं भरीत दाखवलं, आणि तिनं त्यातला घासही घेतला नाही, असं सुनेनं शेजारणीला सांगितलं.

मग खडी आली, ब्लॉक आले. मातीत तुटून राहिलेल्या मुळाच्या तुकड्यात मी पडून आहे, जवळ माझ्या अंड्यांचा गोळा. पाणी नाही, कसलाच वास नाही. गाड्यांना मुळं नसतात हे मला कोण सांगणार होतं? मी जिंकले होते, मित्रांनो, आणि मला खायला काही नव्हतं.

परवा मात्र वर गडबड झाली. काळुरामनं गाडी धुतली आणि दोन ब्लॉकांच्या फटीतून पाणी खाली आलं. माझी अंडी फुटायला लागली. मी आनंदले. आणि त्याच फटीतून एक कोवळं मूळ उतरलं. गाडीच्या पूजेचा हार फटीवर वाळून पडला होता, त्यातलं बी रुजलं होतं.

वास मी ओळखला. बहिणी ज्याच्यामागे धावल्या होत्या, तोच.

काळुराम रोप उपटायला वाकला असावा, कारण तेवढ्यात वरून आवाज आला, "हात लावून तर बघ काळू! हात मोडीन तुझा. आता विचार, कशाला पायजे!" त्यानं गाडी पुढे घेतली.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती करते, मित्रांनो. तुमच्यापैकी कोणी बाळकुमला गेलं, तर गंगुबाईची नजर चुकवून तेवढा झेंडू उपटा. झाडांची काळजी घ्यावी म्हणतात ना, मग एखादं वांगं लावा. लवकर जा. माझी पोरं लहान आहेत, उपाशी आहेत. मी थांबा म्हणते, पण त्यांनाही कान नाहीत. ती मुळापाशी पोचलीसुद्धा.