जांभळी किनार

भिंगवालीने दोन्ही दुर्बिणींच्या नळ्यांना कागदी पट्टी गुंडाळली, एकीवर एक आणि दुसरीवर दोन असे आकडे घातले आणि खिडकीपाशी दोन स्टँड शेजारी शेजारी उभे करून त्यांवर त्या चढवल्या. आकड्यांची कल्पना गिऱ्हाइकाची होती.

“नाव वाचून दुर्बीण घेणारे वेगळे,” म्हातारे मास्तर खुर्चीत मागे रेलून म्हणाले. “भिंगं दोन की तीन, काच साधी की खास, काही सांगू नका. हातच्या कांकणाला आरसा कशाला? डोळे आहेत मला.”

“बरं, सर,” भिंगवाली म्हणाली.

‘सर’ तिच्या तोंडून आपसूक निघालं होतं. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना सगळे सरच म्हणत असणार. तासाभरापूर्वी ते जिना चढत होते तेव्हा चेहरा दिसायच्या आधी आवाजावरूनच तिनं त्यांना ओळखलं होतं. वाक्याच्या शेवटी जरा थांबायचं, समोरचा मान हलवतो का ते बघायचं आणि मगच पुढे जायचं. चौतीस वर्षांत मिशी पांढरी झाली होती, पण ते थांबणं तसंच होतं. त्यांनी मात्र तिला ओळखलं नाही. ओळखतील कशाला? हजारो पोरं त्यांच्या हाताखालून गेली. मारणारा विसरतो, हे तिला ठाऊक होतं. लक्षात ठेवायचं काम मार खाणाऱ्याकडे असतं आणि ते तिनं चोख केलं होतं.

मास्तरांची बायको मागच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आल्यापासून ती दोन वाक्यं बोलली होती, त्यातलं एक पाणी मागण्याचं.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शक आणि वाचायची भिंगं, बाहेरच्या खोलीत दुर्बिणी. खिडकीतून लांबच्या टेकडीवरचा विजेचा मनोरा दिसे. त्याच्या तारांना आधार द्यायला चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या होत्या आणि दुपारी त्यांतल्या एकीवर ऊन पडून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमके. दुर्बिणीतून तो हुबेहूब ताऱ्यासारखा दिसायचा. भर दुपारी तारे दाखवणारं दुकान म्हणून गिऱ्हाइकं थट्टा करत. करेनात का, पण तारा बघितल्याशिवाय इथून दुर्बीण जात नसे.

“आरशाची मोठी आहे माझ्याकडे,” मास्तर म्हणाले. “पण ती आता गच्चीवर नेववत नाही. म्हणून ही लहान, भिंगांची. आणि नुसतं बघायला नकोय मला, फोटो काढायचेत. आमच्या आकाश मंडळाला पन्नास वर्षं होतायत. तीन महिन्यांनी प्रदर्शन आहे, त्यात एक अख्खी भिंत माझ्या फोटोंची आहे.”

“अख्खी भिंत,” बायको मागून म्हणाली. कौतुकानं की कशानं, ते कळलं नाही.

मास्तर एक नंबरच्या दुर्बिणीपाशी वाकले. ती दोन भिंगांची होती. अशा दुर्बिणीत सगळे रंग एका जागी येत नाहीत; उजळ वस्तूच्या काठाला जांभळी किनार सांडते. नुसतं बघणारा ती चालवून घेतो. कॅमेरा काही चालवून घेत नाही, तो चंद्राला जांभळा काठ लावूनच देतो. दोन नंबरच्या दुर्बिणीत तिसरं भिंग होतं, खास काचेचं, आणि तिच्यात ठिपका पांढरा म्हणजे पांढराच दिसे.

“वा,” मास्तर म्हणाले. मग दुसरीला डोळा लावला. परत पहिलीला. “ही, एक नंबरची. जरासुद्धा रंग सांडत नाही. दुसरीत काही वेगळं नाही, उगीच जड आहे.”

भिंगवालीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाचच मिनिटांपूर्वी तिनं स्वतः त्या नळीतून पाहिलं होतं. ओल्या कागदावर शाई पसरावी तशी जांभळी किनार त्या ठिपक्याभोवती होती. आणि मास्तरांना ती दिसत नव्हती. ते खिडकीकडे वळले तेव्हा उजेड तिरपा डोळ्यात गेला आणि तिला बाहुलीत फिकट चहाच्या रंगाचा ढग दिसला. मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की जांभळा रंग आधी तिथंच अडकतो. असे म्हातारे वर्षाला दोन-चार तरी येत. आधी डॉक्टर, मग दुर्बीण, असं ती त्यांना समजुतीनं सांगायची.

आज ती काही बोलली नाही. माणूस आयता सापडला होता.

आठवीत होती ती. शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावली होती आणि शिक्षणखात्याचे कोणी मोठे साहेब आले होते. मास्तरांनी एका ताऱ्यावर नळी रोखली, तो किती लांबचा, किती एकटा, यावर दहा मिनिटं भाषण दिलं आणि पोरांना रांगेनं बघायला लावलं. सगळी पोरं ‘वा सर’ म्हणून पुढे सरकली. ही म्हणाली, “सर, दोन आहेत. एक पिवळा, एक निळा.” मास्तर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मग सरळ होऊन साहेबांकडे बघून हसले. “एकच आहे,” ते तिला म्हणाले. “डोळे तपासून घे. आणि खोटं बोलायची सवय असेल तर तीही.” गच्चीभर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी वेधशाळेच्या शिबिराच्या यादीतून तिचं नाव गेलं. वडील बिचारे अर्ध्या दिवसाची रजा काढून तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, ही रस्त्यापलीकडची पाटी वाचतेय, हिला कशाला आणलंत? वर्गात मात्र तिचं नाव ‘डबल’ पडलं आणि ते दहावीपर्यंत चिकटून राहिलं. पुढे एका पुस्तकात तिला तो तारा सापडला. दोन होते. मास्तरांनी नळी भलत्याच ताऱ्यावर लावली होती. तेव्हापासून तिनं त्यांच्यावर डूख धरला होता, आणि तो सोडावा असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

आता काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. तीन महिन्यांनी अख्खी भिंत जांभळी होईल आणि तिच्याखाली मास्तरांचं नाव असेल.

एकच अडचण होती. दुकानात एक वही होती. डोळा लावायच्या जागी कॅमेरा बसवायचा, ठिपक्याचा फोटो पडद्यावर दाखवायचा आणि गिऱ्हाइकाची वहीत सही घ्यायची: कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं. हा नियम मालकाचा नव्हता, तिचाच होता, आणि एकोणीस वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. तिनं कॅमेऱ्याच्या कपाटाकडे पाहिलं आणि किल्ली खणात ठेवून खण लावून टाकला.

“मी बघू का जरा?” मास्तरांच्या बायकोने विचारलं.

“बघ, बघ. हात लावू नकोस फक्त.”

ती वाकली. दोन्हीतून पाहिलं, शांतपणे, दोन-दोनदा.

“अहो, या एक नंबरच्यात कडेला जांभळं काहीतरी दिसतंय.”

“कुठलं जांभळं?”

“ठिपक्याच्या भोवती. दुसरीत नाहीये.”

“तुला काहीतरीच दिसतं,” मास्तर म्हणाले. “डोळे तपासून घे.”

बायको मागे सरली आणि स्टुलावर जाऊन बसली. चेहरा हलला नाही. हे ऐकण्याची तिला सवय असावी. भिंगवालीच्या हातातला पुसायचा कपडा मात्र खाली पडला.

“मी खाली जाऊन डिकी मोकळी करतो,” मास्तर म्हणाले. “ही काहीही कुठंही कोंबते. तुम्ही बांधून ठेवा.”

त्यांची पावलं जिन्यावरून उतरत गेली. मग भिंगवालीने खण उघडला, किल्ली घेऊन कपाटातून कॅमेरा काढला, एक नंबरच्या दुर्बिणीला बसवला आणि पडदा स्टुलाकडे वळवला. असं का केलं हे तिला नीट सांगता आलं नसतं. मास्तर तिच्या तावडीत सापडले होते हे खरं, पण या बाईचं तोंड बंद करण्यात आपणही त्यांना सामील होतोय, हे तिला सोसवेना.

“तुम्ही बरोबर बघितलंत, काकू.”

पडद्यावर ठिपक्याभोवती जांभळं कडं पसरलं होतं. काकूंनी ते बराच वेळ न्याहाळलं.

“मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं,” त्या म्हणाल्या. “घरी आले तेव्हा कळलं, आमची बैठकीची भिंत पिवळी नाहीये, पांढरी आहे. यांना तेव्हापासून सांगतेय, तुम्हीही दाखवून घ्या. गाडीसुद्धा हल्ली मीच चालवते. का, तर म्हणे यांचे गुडघे दुखतात.”

“मी सांगते सरांना. हे चित्र दाखवते. त्यांना तीन भिंगांची घेऊ दे.”

“तुझं ऐकतील?”

“नाही ऐकणार,” भिंगवाली म्हणाली. “मलाही म्हणाले होते, डोळे तपासून घे. शाळेच्या गच्चीवर. मी आठवीत होते.”

काकूंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“दोन चांदण्या म्हणालेली मुलगी,” त्या हळूच म्हणाल्या. “मी तिथंच होते गं. साहेबांचं खाणंपिणं माझ्याकडे होतं. सगळे खाली गेल्यावर मीही वाकून बघितलं. दोन होत्या. एक निळी.”

भिंगवाली म्हणाली, “तुम्ही बोलला नाहीत.”

“नाही बोलले.” काकूंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. “आणि घरी जाताना हे मला म्हणाले, पोरगी बरोबर होती. पण साहेबांसमोर चूक कशी कबूल करणार?”

चौतीस वर्षं भिंगवाली समजत होती की मास्तरांना दिसलं नव्हतं, म्हणजे माणूस आंधळा होता, आडमुठा होता. आंधळ्यावर रागावून तिनं इतकी वर्षं काढली होती. आणि मास्तरांना तर सगळं लख्ख दिसलं होतं.

खालून डिकी आपटल्याचा आवाज आला.

“एक नंबरचीच दे,” काकू म्हणाल्या.

“काकू, फोटो बिघडतील. सगळे.”

“बिघडू देत. घरात एकटी मीच सांगते, म्हणून माझे डोळे वाईट. प्रदर्शनाला शंभर माणसं येतील आणि शंभरजणं जांभळं म्हणतील. शंभरांना पाठवू देत की डोळे तपासायला.”

आवाज चढला नव्हता. आठवड्याचं सामान सांगावं तसं त्या सांगत होत्या. भिंगवालीने आपल्या सुडाकडे पाहिलं आणि तिला तो शाळकरी पोरीचा वाटला. या बाईनं तो एकाच घरात, एकाच ताटावर, रोज वाढवलेला होता. भिंगवालीने कॅमेरा काढला, पडदा बंद केला आणि एक नंबरची दुर्बीण पेटीत ठेवायला घेतली.

मास्तर धापा टाकत वर आले.

“झाल्या का गप्पा?”

“झाल्या,” काकू म्हणाल्या.

भिंगवालीने वही पुढे केली. “इथं सही लागते, सर. कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं म्हणून.”

“चित्र कशाला? मी प्रत्यक्ष बघितलंय.”

“हवं तर आत्ता दाखवते. दोन मिनिटांचं काम आहे.”

मास्तर म्हणाले असते ‘दाखवा’, तर तिनं दाखवलं असतं.

“काही गरज नाही,” मास्तर म्हणाले. “चाळीस वर्षं आकाश बघतोय मी. सही ही करेल, घरातले कागद हीच बघते.”

काकूंनी पेन घेतलं, चष्म्याशिवाय तो रकाना वाचला आणि सावकाश, पूर्ण नावानं सही केली.

मास्तर पेटी छातीशी धरून जिना उतरू लागले. काकू दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या आणि परत दारात आल्या.

“ती दोन नंबरची कुणाला देऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “प्रदर्शन झालं की मी येईन. एकटी.”

खिडकीतून भिंगवालीला गाडी दिसली. मास्तर पेटी मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसले होते आणि हातवारे करून गाडी कशी काढायची ते सांगत होते. काकूंनी गाडी काढली. मग भिंगवालीने दोन नंबरची दुर्बीण स्टँडवरून उतरवली. कागदी पट्टी तिनं काढली नाही. तशीच पेटीत ठेवून पेटी वरच्या फळीवर मागे सरकवली, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडणार नाही अशी.