एकशे एकवीस अंश

शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमटे वाफेत निर्जंतुक करायचं यंत्र मावशींनी एकोणीस वर्षं चालवलं. ट्रे लावायचे, दार आवळायचं, बटण दाबायचं. ट्रेवर चिकटवलेल्या टेपवर काळे पट्टे उमटले की काम फत्ते. यंत्रातून एक चिठ्ठी छापून यायची, ती वहीत चिकटवायची. तिच्यावर काय असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मावशींनीही कधी विचारलं नव्हतं.

लेकीने लग्नानंतर नर्सिंग अर्धवट सोडलं. तिची पुस्तकं रद्दीत घालायला मावशींचा जीव होईना. एक दिवस त्यातलं एक त्यांनी डब्याच्या पिशवीत टाकलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई. जेवणाच्या सुट्टीत मांडीवर शब्दकोश घेऊन बसायच्या, एका पानाला चार-चार दिवस लागायचे.

"मावशी आता डॉक्टर होणार," वॉर्डबॉय चिडवायचे.

"तुझ्यासाठी बोथट सुई राखून ठेवलीये," म्हणत त्या पुन्हा पुस्तकात डोकं घालायच्या.

चौथ्या महिन्यात वाफेचा धडा आला. टेप काळी होते ती वाफ लागली म्हणून. जंतू मेले का, हे तिला कळत नाही. एकशे एकवीस अंश, सलग वीस मिनिटं टिकायला हवेत. ते चिठ्ठीवर बघायचं.

मावशी घास तसाच टाकून उठल्या. सकाळच्या चिठ्ठीवर होतं एकशे सोळा.

"सिस्टर, हे ट्रे थिएटरला देऊ नका."

"टेप काळी झालीये ना?"

"झालीये. पण टेपचं काही खरं नाही. आकडा बघा."

"पेशंट टेबलावर घ्यायचाय, मावशी. ती पुस्तकं घरी ठेवत जा."

मावशींनी ट्रेच्या कपाटाला कुलूप घातलं. "नोकरी घ्या माझी. किल्ली देणार नाही."

ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जन ओरडले, मावशींच्या हातात मेमो पडला. संध्याकाळी मेकॅनिकने यंत्र उघडलं तर आतली झडप गळत होती. सिस्टरांनी मेमो स्वतः फाडला.

मावशी मात्र वही उघडून मागे मागे जात राहिल्या. नऊ दिवसांच्या चिठ्ठ्या, सगळ्यांवर आकडा कमी. सगळ्या त्यांनीच चिकटवलेल्या, कडा अगदी सरळ.

"सिस्टर, सात नंबरच्या खाटेवरचा माणूस जखम चिघळून परत आलाय ना?"

"त्याला दहा कारणं असतात."

"असतील. त्यातलं एक मी नाही, एवढंच सांगा."

सिस्टरांनी वही उचलून सर्जनांकडे नेली. त्या नऊ दिवसांतले सगळे पेशंट तपासायला बोलावले गेले. चौघांना औषध सुरू झालं. सात नंबरचा माणूस महिन्याने चालत घरी गेला. निघताना मावशींनी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं.

पुढे रुग्णालयाने त्यांना निर्जंतुकीकरणाच्या परीक्षेला बसवलं. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. आज त्या निर्जंतुकीकरण विभागाच्या प्रमुख आहेत.

"आई, नशीब काढलंस गं!" लेक फोनवर म्हणाली.

"हं," मावशी म्हणाल्या. "पण दहा दिवस आधी वाचायला हवं होतं."

आणि पुढच्या पुस्तकाचं पान उलटलं.