मालसूनबाईंचा एक चमचा पाक

मी मिक्सर बोलतोय. बोलतोय कसला, तणतणतोय! ज्याच्या पोटात रोज सकाळी सगळं ओतलं जातं आणि ज्याला त्यातलं एक अक्षर बाहेर काढता येत नाही, त्याने दुसरं काय करावं?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. खोक्यातून डोकं बाहेर काढलं ते दक्षिण कोरियातल्या सुन्चन गावी, एका उंच इमारतीत, बेक दुशिक यांच्या स्वयंपाकघरात. त्यांची मुलगी योन्ही सोलला असते. तिनेच मला पाठवलं. माझ्याबरोबर लाल जिनसेंगचा अर्क, कारल्याच्या गोळ्या, दालचिनीच्या कॅप्सूल, असा औषधांचा रुखवतच आला म्हणा ना.

आमचे मालक आयुष्यभर लोकांच्या भिंतींना कागद चिकटवत शिड्यांवर उभे राहिले. काम सुटलं आणि मधुमेहाने धरलं. एक दिवस जिने चढण्याचा व्यायाम करताना चपलेने पायाचं शेवटचं बोट सोललं. पाय बधिर, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही! मोज्याला डाग दिसला तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. पण साखर उतरली नाही, तर ही जखम भरणार नाही. मग बोट काढावं लागेल."

मालकांच्या थोरल्या भावाचं असंच बोटापासून सुरू झालं होतं आणि गुडघ्यापाशी थांबलं होतं. पुढे भाऊ दाराबाहेर पडेनासा झाला. मालकांनी घरी आल्यावर जेवायच्या वेळी बायकोला एवढंच सांगितलं, "मालसून, मला दादासारखं खिडकीत बसायचं नाहीये."

आणि मग जो काय सपाटा लावला! जिने बंद झाले, म्हणून घरातच व्यायाम. खुर्चीत बसून रबरी पट्ट्या ओढायच्या, पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, भिंतीला पाठ आपटायची. पाठ तर इतकी आपटायचे की खालच्या मजल्यावरून फोन आला, "अहो, वर भिंत पाडताय का?" भात अर्धी वाटी. मित्रांबरोबरचं पिणं बंद. आणि सकाळी माझ्यातला पेला. उकडलेले काळे सोयाबीन, टोफू, बिनसाखरेचं सोयाचं दूध, भाजलेले काळे तीळ. माझ्या पात्यांना काम मिळालं. मीही मनापासून फिरत होतो.

पहिल्या दिवशी मालकांनी एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की विचारू नका.

"कसं आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"भिंतीला कागद लावायची खळ बरी!"

पेला संपला नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धा उरला. मालसूनबाई त्या उरलेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. नवरा डोळ्यांदेखत वाळत होता. गाल आत गेले होते, पँट कमरेवर राहत नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक बरणी काढली.

आता ही बरणी म्हणजे बाईंचं माहेर. त्यांच्या भावाची क्वांग्यांगला मेशिलची बाग आहे. मेशिल म्हणजे आंबट हिरवी फळं, आवळ्याएवढी. दर उन्हाळ्याच्या तोंडाला भाऊ पोती पाठवतो. बाई बरणीत एक थर फळांचा, एक थर साखरेचा असं गळ्यापर्यंत भरतात, आणि मुरू देतात. त्याचा जो पाक सुटतो तो या घरात सगळ्यावर चालतो. पोट दुखलं, मेशिल. जेवण पचलं नाही, मेशिल. ऊन लागलं, मेशिल.

"साखर मुरली की साखर राहते का कुठे?" बाई माझ्याशीच बोलल्या. "औषध होतं त्याचं."

आणि घातला की हो एक मोठा चमचा!

अहो बाई! फळाच्या वजनाइतकी साखर तुमच्याच हातांनी भरलीत ना? ती कुठे उडून गेली? बरणीला काय पंख फुटले? माझी पाती त्या चिकट गोडात फिरत होती, आणि मी चडफडत होतो. काय करणार? बटण दाबलं की फिरायचं, एवढंच माझ्या हातात. तेही माझ्या नाही, त्यांच्याच.

त्या दिवशी पेला रिकामा झाला. बाईंचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. मग रोजचंच झालं. एकाचा दीड झाला, दीडाचे दोन.

रोज सकाळी पेला पिऊन झाला की मालक भिंतीला पाठ आपटायचे, घाम पुसायचे, थोड्या वेळाने बोट टोचून साखर बघायचे.

"पुन्हा वर! अगं, काल रात्री मी भाताला शिवलोसुद्धा नाही. हे यंत्रच बिघडलंय!"

साखर मोजायचं दुसरं यंत्र आलं. तेही तेच सांगायला लागलं.

योन्हीचा फोन आला की ती करवादायची, "बाबा, खरं सांगा, चोरून काय खाता?"

"काय खातो? तुझ्या गोळ्या खातो!" मालक ओरडायचे. "गोळ्या खातो, गवत खातो, भिंती खातो! आणखी काय खाऊ?"

योन्हीने आणखी एक खोकं पाठवलं. मालकांनी आणखी पट्ट्या ओढल्या. माणसाने एवढी मेहनत करावी आणि रोज स्वतःच्याच शरीरावर संशय घ्यावा, हे बघून माझा जीव नुसता जळत होता. पायाचं बोट जांभळं पडत चाललं होतं.

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका सकाळी मालक स्वतःच मला धुवायला आले. माझ्या झाकणाच्या रबरापाशी मुंग्यांची रांग लागली होती. ते बघत राहिले. मग हाक मारली.

"मालसून! सोयाबीनला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?"

बाई आल्या. आधी म्हणाल्या, उन्हाळा आहे. मग म्हणाल्या, मेशिल घालते थोडं, औषधच आहे ते. मग एकदम रडायलाच लागल्या. "तुम्ही पीतच नव्हता हो! योन्हीचे बाबा, तुम्ही नुसते सुकत चालला होता! मी काय बघत बसू?"

मला वाटलं, आता हे मला उचलून भिंतीवर आदळणार. मालक खाली बसले.

"मला गोड लागत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तिसऱ्या दिवसापासूनच गोड लागत होतं. मला माहीत होतं तू काहीतरी घालतेस. विचारलं असतं तर तू बंद केलं असतंस. म्हणून नाही विचारलं."

घ्या! म्हणजे इतके दिवस मी एकट्या बाईंवर दात-ओठ खात होतो, आणि इकडे हा गृहस्थ पेला चाटूनपुसून साफ करत होता! यंत्र बदललं, मुलीवर ओरडला, भिंत हादरवली, पण तोंडातल्या चवीबद्दल चकार शब्द काढला नाही.

पाक बंद झाला. साखर उतरायला लागली, खरंच उतरली. पण बोटाला उशीर झाला होता. सप्टेंबरात ते काढलं. डॉक्टर म्हणाले, उरलेली जपा.

मी आता जुना झालोय. भांड्याला चरे पडलेत, रबर सैल झालंय. तरी रोज सकाळी काम चालूच आहे. परवा बाईंनी सोयाबीन घातले, टोफू घातला, झाकण लावलं. मालक काठी टेकत ओट्यापाशी आले आणि लहान मुलासारखे हळूच म्हणाले, "थोडंसं घाल ना गं. थेंबभर. अजून नऊ बोटं आहेत की."

हसत होते. पण थट्टा नव्हती ती, नजर कपाटावर होती.

बाईंचे डोळे भरले. हात कपाटाकडे जातो की काय, म्हणून माझी पाती थिजली. बाई, तुमच्या पाया पडतो, त्यांच्याकडे बघू नका. त्यांना तोंड वाकडं करू दे, ओरडू दे, तुम्हाला वाट्टेल ते बोलू दे.

"अगं, ऐकतेस ना? फक्त आजच्या दिवस..."

बाईंनी बटण दाबलं. सगळं वाटून झालं तरी दाबूनच धरलं. आणि मालकांचा एक शब्दही बाईंच्या कानावर पडू नये म्हणून मी, जीव खाऊन, ओरडत राहिलो.