हे नाणं नकली नाही

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून घड्याळजींचे डोळे अधू झाले, पण गिऱ्हाइकाशी खोटं बोलायची सवय काही लागली नाही. तेच त्यांना भोवलं.

बायकोला ऐकू येईनासं झालं होतं. दोन कानांना दोन यंत्रं हवीत, म्हणून जन्मभर जपलेलं चांदीचं जुनं नाणं त्यांनी मन घट्ट करून ऑनलाइन लिलावात काढलं. काट्यावर वजन केलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि खाली लिहिलं, ‘हे नाणं नकली नाही. काठाला एक ओरखडा आहे.’

तासाभरात साइटने नाणं उतरवलं. कारण काय, तर वर्णनात ‘नकली’ हा शब्द सापडला! घड्याळजींनी तक्रार केली, ‘अहो, मी नकली नाही असं म्हटलंय!’ लगेच उत्तर आलं, ‘आपण हा शब्द दुसऱ्यांदा वापरला आहे.’

सुनेने कपाळावर हात मारला. “बाबा, नुसतं ‘अस्सल’ लिहायचं ना! सगळे तेच लिहितात.”

“सगळे लिहितात म्हणूनच नाही लिहिलं गं.”

शेवटी मुकाट्याने लिहिलं. चार दिवसांनी नाणं पुन्हा झळकलं, पण साइटने आपली अक्कल चालवून ते ‘शोभेच्या प्रतिकृती’ या विभागात टाकलं होतं. तिथे मात्र झुंबड उडाली. एकाने विचारलं, ‘घासून चकचकीत करून द्याल का?’ दुसरा म्हणाला, ‘असंच आणखी एक आहे का? भिंतीवर जोडी लावायची आहे.’ घड्याळजी प्रत्येकाला कळवळून लिहीत, ‘हे खरं आहे हो!’ लोक म्हणाले, विक्रेता मोठा गमतीदार आहे. तिकडे ‘अस्सल’ विभागात परवाच ओतलेलं एक नाणं चौपट भावाने गेलं.

यांचं नाणंही गेलं. आलेल्या पैशांत एकाच कानाचं यंत्र झालं.

बायकोच्या कानात यंत्र बसवून दोघं घरी आली. ती स्वयंपाकाला लागली, तोच फोनवर गिऱ्हाइकाचा अभिप्राय झळकला: ‘वस्तू बरी आहे. पण खरं नाणं पाहिलेल्याला फरक चटकन कळतो. तीन तारे.’

घड्याळजींनी दात-ओठ खात एक सणसणीत शिवी पुटपुटली.

“अहो! तोंड आवरा,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

ते चपापले. गेली सहा वर्षं या घरात त्यांनी बिनधास्त शिव्या दिल्या होत्या. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि तिच्या पाठीमागून, अगदी हळू आवाजात, तीच शिवी पुन्हा दिली.

ती झारा घेऊन वळली. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.