ताईच्या पेशी

ताई विद्यापीठात जैववैद्यकशास्त्र शिकायला गेली आणि तिच्या पेशींनी तिला आमच्याकडून पळवलं. चपट्या बाटल्यांत वाढणाऱ्या त्या लाडावलेल्या पेशींना एक दिवसाआड ताजं द्रावण लागतं, म्हणून सुट्टीतही बाईसाहेब घरी येत नाहीत. आता तिचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं आणि आमच्या घराजवळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जागा निघाली होती. ती नोकरी घे, हे तिच्या गळी उतरवायलाच मी तिच्या प्रयोगशाळेत धडकले.

"कशालाही हात लावू नकोस हं, माकडा!"

"तुझ्या लाडक्यांना खात नाही मी."

तिने मला मायक्रोस्कोपशी बसवलं. आधी सगळं धूसर होतं, मग लांबट पेशी एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या.

"ती गोल झालीय ना, तिच्या आता दोन होणार," ताई कुजबुजली, जणू मोठ्याने बोललं तर पेशी दचकेल.

"हॉस्पिटलातही मायक्रोस्कोप असतो. आणि संध्याकाळी घर!"

"काम चांगलंय गं ते. पण या अशा का वाढतात, ते मला शोधायचंय. संशोधनाला प्रवेश मिळालाय. अजून चार वर्षं." मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाबांनी पाठवलं तुला?"

"नाही. तुझी रिकामी खाट मलाच बघवत नाही."

ताईने मला कवेत घेतलं, पण नुसत्या कोपरांनी. हातमोजे खराब होऊ नयेत म्हणून पंजे हवेत धरले होते. माझे हात मोकळे होते. मी तिला घट्ट धरलं आणि नोकरीचं पुन्हा काढलंच नाही.